एका बेटावरचा साप आणि आपला उशीर



ज्या शाळेच्या पायरीवर बसून पावसात भिजलेली टोपी पिळली, त्याच शाळेच्या व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा प्रसंग माझ्यावर येईल असे कधी वाटले नव्हते. संस्थेने या स्मृतिव्याख्यानासाठी माझी निवड केली, हा माझा गौरव आहे आणि थोडी माझी परीक्षाही आहे. कारण हे व्याख्यान आपल्या शास्त्राच्या सरांच्या स्मरणार्थ आहे आणि मी आयुष्यभर मराठी शिकवली. संतकाव्य, शाहिरी, बखरी यांवर तासभर बोलणे मला अवघड नाही. पण सरांच्या नावाने उभे राहून बखरींवर बोललो असतो, तर ते जिथे असतील तिथून म्हणाले असते, "अरे, पुस्तकाबाहेर काही पाहिलेस की नाही?" म्हणून आज मी पुस्तकाबाहेरचे बोलणार आहे. विषय आहे हिंदी महासागरातील एका लहानशा बेटावर राहणारा एक साप, आणि त्याला वाचवण्याची हकीकत.

विषयाकडे वळण्यापूर्वी एक कबुली देतो. मी इयत्ता सातवीत असताना या इमारतीच्या मागच्या पटांगणात एक धामण निघाली. मुलांनी ओरडा केला, मी काठी घेतली आणि तिला ठेचली. मोठा पराक्रम केल्याच्या ऐटीत मी उभा होतो, तोच सर आले.

"कुणी मारली?"

"मी, सर."

"चावली होती?"

"नाही, सर."

सर रागावले नाहीत. त्यांनी ती मेलेली धामण उचलून प्रयोगशाळेच्या मेजावर ठेवली, सगळ्या वर्गाला भोवती उभे केले आणि तिचे पोट उघडून दाखवले. आत तीन उंदीर होते. सर इतकेच म्हणाले, "हिने रात्रभर शाळेचे काम केले. सकाळी तू तिचा पगार चुकता केलास." त्या दिवसापासून मी साप मारला नाही. पण साप मारू नये हे कळणे वेगळे, आणि साप वाचवण्यासाठी माणसाने झिजावे हे कळणे वेगळे. ते दुसरे मला कळायला पुढे तीस-पस्तीस वर्षे लागली, आणि तेही परदेशात.

१९९८ साली मराठी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणवर्गासाठी मला मॉरिशसला जाण्याचा योग आला. आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल की १८३४ पासून हिंदुस्थानातील मजूर करारावर त्या बेटावरील उसाच्या मळ्यांत नेले गेले. त्यांत आपल्या घाटाखालच्या कोकणातील माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी गणेशचतुर्थी टिकवली आहे, आणि तेथे त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. शाळेत मुले मराठी हा विषय घेऊ शकतात. मात्र घरात, बाजारात, भांडणात आणि प्रेमात भाषा क्रिओल आहे. माझे यजमान असेच एक मराठीचे शिक्षक होते. त्यांचे पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले. त्यांची मराठी शुद्ध होती, पण ती इस्त्रीच्या कपड्यासारखी, घराबाहेर पडताना घालायची.

एके दिवशी त्यांनी मला पांपलमूसचे प्रसिद्ध वनस्पतिउद्यान दाखवले. तेथे एका झाडापुढे मी थबकलो. बुंधा खाली बाटलीसारखा फुगलेला आणि वर मोजकीच, ताठ पाने. आपल्या शाळेच्या फाटकाजवळ सरांनी हाताने लावलेली आणि आपण सगळे ज्यांना 'ढेरपोटे' म्हणत असू, तीच ही झाडे! आज येताना आपण त्यांच्याच शेजारून आत आलात. मी म्हटले, "हे झाड आमच्या शाळेत आहे." यजमान हसले. म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, हे झाड जगभरच्या बागांत आहे. पण त्याचे स्वतःचे घर एकच, राउंड आयलंड. आणि त्या घरी एक वेळ अशी आली होती की ही झाडे हातापायांच्या बोटांवर मोजावीत."

त्याच संध्याकाळी त्यांनी मला उत्तर किनाऱ्यावर नेले. हवा स्वच्छ होती. जवळच गनर्स कॉइनचा कलता कडा दिसत होता, आणि दूर, क्षितिजाला टेकलेला एक करडा घुमट. ते राउंड आयलंड. मॉरिशसच्या किनाऱ्यापासून सुमारे बावीस किलोमीटर, क्षेत्रफळ जेमतेम दोन चौरस किलोमीटर, माथा सुमारे २८० मीटर उंच. मृत ज्वालामुखीचा तो अवशेष. मी त्या बेटावर पाऊल ठेवलेले नाही. तेथे परवानगीशिवाय कुणालाही उतरता येत नाही, आणि परवानगी असली तरी लाटा उतरू देतील असे नाही. पण त्या संध्याकाळी जे ऐकले, आणि नंतर जे वाचले, ते माझ्या मनात बेटासारखेच उभे राहिले आहे.

मॉरिशस म्हटले की आपल्याला डोडो आठवतो. डच लोक १५९८ साली त्या बेटावर उतरले आणि पुढच्या शतकाच्या अखेरीपूर्वी डोडो संपला. पण डोडोबरोबर आणखी किती जीव गेले, याची मोजदाद आपण करत नाही. जहाजांतून उंदीर उतरले. जे प्राणी हजारो वर्षे उंदराशिवाय जगले होते, त्यांची अंडी, त्यांची पिल्ले यांना या नव्या शत्रूपुढे काहीच उपाय नव्हता. मॉरिशसच्या मुख्य भूमीवरून मूळचे साप, प्रचंड कासवे, मोठ्या सापसुरळ्या एकामागून एक नाहीशा झाल्या. राउंड आयलंडवर मात्र उंदीर कधी पोहोचला नाही. ज्या खडकाळ किनाऱ्याने माणसाला दूर ठेवले, त्यानेच उंदरालाही दूर ठेवले. त्यामुळे मुख्य भूमीवर जे हरवले, त्यातले काही त्या घुमटावर शिल्लक राहिले.

त्यात दोन साप होते. आपल्या अजगर-मांडुळांच्या दूरच्या गोतावळ्यातले, बिनविषारी. पण शास्त्रज्ञांनी त्यांचे कूळ स्वतंत्र मानले आहे, आणि त्या कुळात साऱ्या जगात या दोनच जाती. एकाला राउंड आयलंड बोआ म्हणतात, दुसऱ्याला बिळात राहणारा बोआ. पहिल्याच्या नावात द्युसुमिये या फ्रेंच व्यापारी-दर्यावर्दीचे नाव जोडलेले आहे. हा साप चार-पाच फूट लांबीचा. दिवसा गडद आणि रात्री फिकट होतो. पिल्ले नारिंगी रंगाची असतात. अनेक बोआ जिवंत पिल्ले देतात, हा अंडी घालतो. आणि त्याची सर्वांत विलक्षण गोष्ट त्याच्या जबड्यात आहे. आपल्या वरच्या जबड्याचे हाड प्रत्येक बाजूस एकसंध असते. या सापाचे हाड मात्र पुढचा आणि मागचा अशा दोन भागांत विभागलेले असून मध्ये सांधा आहे. गुळगुळीत, टणक अंगाची सापसुरळी घट्ट धरता यावी म्हणून ही रचना झाली असावी, असे मानतात. भाषेच्या अभ्यासकाला एखादे व्याकरणरूप जगात एकाच बोलीत सापडावे, तसे हे आहे. ती बोली गेली की ते रूप पुन्हा कुठूनही आणता येत नाही.

मग धोका काय होता? उंदीर नव्हता, पण एकोणिसाव्या शतकात माणसाने त्या बेटावर शेळ्या आणि ससे सोडले होते. या दोन प्राण्यांना आपण क्रूर म्हणणार नाही. त्यांनी सापाला कधी चावा घेतला नाही. त्यांनी फक्त कोंब खाल्ले. दरवर्षी रुजणारे ताडाचे, माडाचे प्रत्येक रोप खाल्ले. जुनी झाडे वादळांत पडत गेली, आणि त्यांच्या जागी नवे झाड येईना. झाड नाही म्हणून पाचोळा नाही, पाचोळा नाही म्हणून माती धरून ठेवणारे काही नाही. शंभर-दीडशे पावसाळ्यांनी ती माती समुद्रात वाहून नेली आणि उघडा खडक उरला. पाचोळ्यात आणि मातीत राहणाऱ्या सापाने कुठे जावे? बिळात राहणारा तो बोआ १९७५ साली अखेरचा पाहण्यात आला. त्यानंतर आजतागायत तो कुणाला दिसलेला नाही. दोनच दिव्यांच्या त्या कुळातला एक दिवा असा विझला.

मित्रहो, या पुढच्या तारखा कृपया लक्षपूर्वक ऐका. ते बेट १९५७ सालीच संरक्षित म्हणून जाहीर झाले होते. म्हणजे साप जिवंत होता, कायदा होता, कागद होता. पण शेळ्या-सशांना कागद वाचता येत नाही. शेवटची शेळी हटली ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस. जेराल्ड डरेल हे निसर्गप्रेमी लेखक आणि जर्सी बेटावरील प्राणिसंग्रहाचे संस्थापक १९७६ व १९७७ मध्ये तेथे गेले. त्यांनी उरलेल्या बोआंपैकी काही जर्सीला नेले, आणि ऐंशीच्या दशकात तेथे या सापाची पैदास साधली. १९८६ साली न्यूझीलंडच्या डॉन मर्टन यांच्या नेतृत्वाखालील लोकांनी बेटावरचे सगळे ससे नाहीसे केले. बिळातला बोआ अखेरचा दिसल्याला तेव्हा अकरा वर्षे लोटली होती. ते काम वीस वर्षे आधी झाले असते तर? इतिहासात जर-तरला अर्थ नाही असे आपण म्हणतो. पण जिवंत वस्तूंच्या बाबतीत त्या जर-तरचे उत्तर एक रिकामे बीळ असते.

येथे आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न आला असेल. माझ्याही मनात आला होता. मी यजमानांना विचारले, "सशांना मारले?" ते म्हणाले, "हो. विष घालून. एकही ठेवला नाही. एक जोडी राहिली असती तर सगळे फुकट होते." मला ते ऐकवले नाही. ज्या भाषेत प्राणिमात्रांवरील करुणेचे अभंग मी चाळीस वर्षे शिकवले, त्या भाषेत या कृत्याला काय म्हणावे? सापासाठी सशाचा बळी! उलट असते तर आपण सहज टाळ्या वाजवल्या असत्या. मी त्यावर पुष्कळ विचार केला. ससा जगात कोट्यवधींनी आहे. त्या बेटावर तो माणसाने नेऊन सोडला म्हणून होता. साप मात्र तेथेच होता, आणि अन्यत्र कोठेही नव्हता. त्या सशांचे दुःख खरे होते, आणि ते करणाऱ्यांच्या पदरी आहे. पण ते दुःख निर्माण झाले ते ससे मारण्याच्या दिवशी नव्हे, ते सोडण्याच्या दिवशी. पूर्वजांच्या बेफिकिरीचे कर्ज नातवंडांना अशा कठोर नाण्यात फेडावे लागते. मी त्या कृत्याचे कौतुक करत नाही. मी एवढेच म्हणतो की ते केले नसते तर मी आज एका सापाविषयी बोलत आहे ते दोन सापांचे श्राद्ध ठरले असते.

ससे गेले तेव्हा काम संपले असे वाटेल, पण ते तेथून सुरू झाले. रोपे उगवू लागली, तसे तणही माजले. पूर्वी तेथे प्रचंड कासवे चरत असत. माणसाने ती जात संपवली होती. मग २००७ पासून अल्डाब्रा बेटावरची महाकाय कासवे राउंड आयलंडवर आणून सोडली गेली. ती तण खातात आणि झाडांची फळे खाऊन बिया पसरवतात. यातला एक दुवा मला फार हृद्य वाटतो. १८७४ साली चार्ल्स डार्विन आणि इतर शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नराला पत्र लिहून विनंती केली होती की अल्डाब्राची कासवे वाचवा, नाहीतर इतर बेटांवरच्या कासवांसारखी तीही जातील. ती कासवे वाचली. आणि १३३ वर्षांनी त्यांचेच भाऊबंद मॉरिशसच्या एका उजाड बेटावर माळ्याचे काम करू लागले. सह्या करणाऱ्यांपैकी कुणालाही हे स्वप्नात दिसले नसेल. वेळेवर केलेल्या कामाचे फळ कुठल्या झाडाला लागेल ते सांगता येत नाही.

पुढे २०१२ साली काही बोआ राउंड आयलंडवरून गनर्स कॉइनवर नेऊन सोडण्यात आले. तेथले उंदीर व ससे त्याआधी हटवले गेले होते. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत हे आपल्या आजीला ठाऊक होते; शास्त्रही तेच सांगते. का, ते आणखी एका घटनेवरून कळते. २०१० मध्ये जवळच्या फ्लॅट आयलंडवर चिचुंद्री पोहोचल्याचे आढळले. चिचुंद्री! आपल्या स्वयंपाकघराच्या मोरीतून चूं चूं करत पळणारी, आशियातून जहाजांबरोबर पसरलेली. त्या बेटावरची नारिंगी शेपटीची सापसुरळी काही महिन्यांतच तेथून नाहीशी झाली. सुदैव एवढेच की थोड्याच आधी त्यातल्या काही सापसुरळ्या गनर्स कॉइनवर हलवलेल्या होत्या. थोडे आधी! साऱ्या कथेचे मर्म या दोन शब्दांत आहे. आणि धोके संपत नाहीत. २०२० च्या जुलैमध्ये वाकाशिओ नावाचे जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळात रुतले आणि ऑगस्टमध्ये त्याचे तेल समुद्रात सांडले. तेव्हा त्या बाजूच्या लहान बेटांवरच्या दुर्मीळ पाली व सापसुरळ्या उचलून जर्सीला न्याव्या लागल्या.

या सगळ्यात मला सर्वांत अधिक आदर वाटतो तो ज्यांची नावे कुठे छापली जात नाहीत त्यांचा. राउंड आयलंडवर पाळीपाळीने राहणारे कर्मचारी असतात. बेटावर जाण्यापूर्वी प्रत्येकाच्या बुटाचा तळ, पिशवीचा कोपरा, कपड्याची दुमड तपासतात. एखादे बी, एखादी मुंगी चुकून जाऊ नये म्हणून. ते रात्री दिवा घेऊन साप शोधतात, मोजतात, वजन करतात, नोंद करतात. दिवसा तण उपटतात, रोपांना पाणी घालतात. त्यात नाट्य नाही, भाषण नाही. वहीत एक ओळ वाढते. ज्या सापाला नागोबासारखी पूजा नाही, ज्याला बघून कुणाच्या तोंडून 'किती गोड!' असे निघत नाही, त्याच्यासाठी हे चालले आहे. सुंदर वस्तू वाचवायला रसिकता पुरते. कुरूप, परकी, निरुपयोगी वाटणारी वस्तू ती आहे तशी जगावी म्हणून झिजायला धर्मबुद्धी लागते. आपल्या सरांजवळ ती होती.

आता शेवटची कबुली. धामणीची चूक मुलाची होती. ही चूक प्रौढ, पदवीधर, पीएच. डी. झालेल्या माणसाची आहे. १९८५ साली सरांनी मला घरी बोलावून तीन वह्या दिल्या. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन ते खानापूरच्या रानात, आंबोलीच्या वाटेला भटकत, हे आपल्याला आठवत असेल. गुराखी, धनगर, वैदू, म्हाताऱ्या बायका यांच्याकडून ऐकलेली स्थानिक नावे आणि त्यांबद्दलच्या समजुती त्यांनी त्या वह्यांत उतरवल्या होत्या. एक वही झाडांची, एक पाखरांची आणि एक सरपटणाऱ्या प्राण्यांची. सर म्हणाले, "तू भाषेचा माणूस. हे शब्द छापून ठेव. जनावर जाते त्याआधी त्याचे नाव जाते." मी हो म्हटले. मग परीक्षा, परिसंवाद, प्रबंध, बदली. वह्या ट्रंकेत राहिल्या. १९९३ साली सर गेले. मॉरिशसहून परतल्यावर, तो करडा घुमट डोळ्यांपुढे असतानाच, मी ट्रंक उघडली. झाडांची वही शाबूत होती. पाखरांच्या वहीचे काठ ओलीने काळे झाले होते, तरी वाचता येत होती. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वहीचा, पुठ्ठा सोडला तर, वाळवीने भुगा केला होता.

धामण, घोणस, फुरसे, मण्यार, नानेटी, दिवड, हरणटोळ, मांडूळ ही नावे पुस्तकात मिळतात. त्या वहीतली नावे पुस्तकात नव्हती; म्हणून तर ती वही होती. त्यानंतरही पंचवीसहून अधिक वर्षे मी उरलेल्या दोन वह्यांची नक्कल करण्यात चालढकल केली, हे सांगताना मान वर होत नाही. गेल्या पावसाळ्यात ते काम पुरे केले. त्या दोन मूळ वह्या आणि त्यांची स्वच्छ प्रत मी आज अध्यक्षमहाराजांच्या हाती देत आहे. त्या शाळेच्या आहेत.

आणि तिसरी? ती परत येणार नाही. पण या सभागृहात सरांबरोबर रानात गेलेली माणसे बसलेली आहेत. कुणाला एखादे नाव आठवत असेल, कुणाच्या आजीने सापसुरळीला, घोरपडीला, झाडावरच्या हिरव्या सापाला वेगळे काही म्हटले असेल. कार्यालयात मी एक कोरी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर फक्त विषय लिहिला आहे. घरी जाण्यापूर्वी, चहा घेण्याआधी, आपल्याला आठवते ते तेथे लिहावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे. आपली ही शाळाही आता चहूबाजूंच्या पाण्यात उभी आहे. माझ्या वर्गात आम्ही अठ्ठेचाळीस जण होतो. आज त्या खोलीत किती मुले मराठीत शिकतात ते मुख्याध्यापकांनी मला मघाशीच सांगितले. त्यावर मी आज भाषण करणार नाही. वहीत एक ओळ वाढली तर ते भाषणापेक्षा अधिक काम होईल.

राउंड आयलंडवरचा एक साप वाचला, कारण काही माणसे उशिरा का होईना, पण आली. दुसरा गेला, कारण ती उशिरा आली. आपण कोणत्या सापाच्या वेळेला आलो आहोत, हे आपल्याला आधी कधीच कळत नाही. म्हणून आजच उठावे, एवढेच सरांच्या या विद्यार्थ्याला समजले आहे.

फाटकाजवळच्या ढेरपोट्यांना जाताना एकदा हात लावून जा.